अण्णांना फोन लावू नका

रिक्षा गेटाशी थांबली आणि अण्णा उतरले. वर चौकड्याचा शर्ट, बटणं वरखाली लागलेली, आणि खाली दवाखान्यातला हिरवा पायजमा. डाव्या हाताच्या पाठीवर सलाइनची सुई तशीच, चिकटपट्टीनं दाबलेली. वॉचमन सलाम ठोकायचा विसरून बघतच राहिला. "थांब हितंच," असं रिक्षावाल्याला बजावून अण्णा शेडमध्ये आले ते थेट आमच्या मशीनपाशी.

"ड्रिल कितपत घुसलंय?" त्यांनी विचारलं.

"फिक्स्चर पार करून बेडला लागलंय, अण्णा," दिलावर म्हणाला.

"सरक बाजूला."

मी तिथंच उभी होते, मोडलेल्या ड्रिलचा तुकडा हातात घेऊन.  मशीन दिलावर चालवत होता, पण प्रोग्राम माझा होता. माझा पहिला मॅक्रो. आदल्या आठवड्यात तो चालला तेव्हा मी सगळ्या शेडला पेढे वाटले होते.

अण्णांनी उरलेलं ड्रिल वर घेतलं, वाकून बेडवरून, मशीनच्या लोखंडी पाटावरून, बोटं फिरवली आणि तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं, खड्डा चाचपताहेत. मग लक्षात आलं की त्यांना सरळ होता येत नाहीये. दिलावरनं कूलंटचा रिकामा डबा पालथा करून सरकवला, त्यावर ते बसले. कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"डॉक्टरांना काय सांगून आलात?" मी विचारलं.

"संडासला जातो म्हणून सांगितलंय."

एरवी मी हसले असते. त्याच दुपारी अण्णांचं हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं.

बाळासाहेब नेजदार हे त्यांचं पूर्ण नाव, पण शिरोलीच्या आमच्या त्या वर्कशॉपात ते सगळ्यांचे अण्णा. मशीन लावून देणारे सेटर म्हणून लागले, पुढं प्रोग्रामही तेच लिहू लागले आणि होता होता शेडमधलं प्रत्येक मशीन त्यांच्या डोक्यातून चालायला लागलं. आम्ही फ्लँज करायचो. फ्लँज म्हणजे पाइपाच्या तोंडाला बसते ती जाड लोखंडी चकती, कडेनं गोल बोल्टांची भोकं असलेली. चकती लहान-मोठी, जाड-पातळ, भोकं कमी-जास्त, पण वस्तू तीच. तरी अण्णांचा प्रत्येक चकतीला वेगळा प्रोग्राम. एकेका भोकाची जागा कॅल्क्युलेटरवर काढून हातानं लिहिलेली. नवी साइज आली की नवा प्रोग्राम, आणि जुन्यात काही बदलायचं तर कुठली ओळ बदलायची ते फक्त अण्णांना ठाऊक.

त्यामुळे फोन. जेवताना फोन, रविवारी फोन, अंघोळीला गेले तर त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, न्हाणीच्या दाराशी फोन धरून उभं राहायचं. अण्णांना त्याचा त्रास होत होता असं म्हणवत नाही. फोन वाजला की आधी कपाळाला आठ्या घालायचे, "हां, बोल" म्हणायचे आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा खुलायचा.

मी डिप्लोमा करून तिथं लागले ती तपासणीच्या टेबलावर. दिवसभर चकत्या मोजायच्या, बरोबर की चूक ते सांगायचं. दुसऱ्यांच्या चुका मोजत बसायचा मला मनस्वी कंटाळा. एका जागी बसवत नाही हा माझा जुना रोग. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. म्हणून रोज सुट्टीनंतर मी अण्णांच्या मागं मागं फिरायला लागले आणि त्यांनीही हातचं न राखता शिकवलं. मॅक्रो मात्र मी मशीनबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकातून शिकले, कारण तो अण्णांना येत नव्हता आणि शिकायचाही नव्हता.

मॅक्रो म्हणजे तसं साधं. प्रोग्राममध्ये आकडे लिहायच्या ऐवजी नुसते खाने ठेवायचे. ह्या खान्यात व्यास, ह्यात भोकांची संख्या, ह्यात जाडी. खाने भरा, बाकीचं गणित मशीन स्वतः करील. एकदा लिहिला की कुठल्याही चकतीला तोच. मला तर तो कळल्यावर झोप लागेनाशी झाली होती.

"आकडेच दिसत न्हाईत तो प्रोग्राम कसला?" अण्णा म्हणाले होते. "वाचला की डोळ्यापुढं भोकं दिसाय पायजेत. हे काय, सगळं झाकून ठेवल्यागत."

"पण एकच पुरतो ना अण्णा, सगळ्यांना."

"तुझ्या हातात पुरतोय," एवढंच ते म्हणाले. मला राग आला होता.

आणि आता तोच मॅक्रो दिलावरच्या हातात गेला होता. दिलावरनं नव्या चकतीचा व्यास भरला, भोकं भरली आणि जाडी भरायची राहिली. मी निवडलेले खाने असे होते की त्यात टाकलेला आकडा पुसेपर्यंत तिथंच राहायचा. आधीची चकती होती जाड, ही होती पातळ. मशीननं बापड्यानं मागचीच जाडी धरली आणि ड्रिल चकती फोडून, तिला धरणाऱ्या फिक्स्चरमधून खाली गेलं ते थांबलंच नाही.

"मला हाक मारायची ना," मी दिलावरला म्हणाले. "मी पलीकडंच होते."

"चुकलंच, ताई. पण हात आपोआप अण्णांच्या नंबरावर गेला."

तेवढ्यात दुसरी रिक्षा आली. काकू उतरल्या. हातात अण्णांची पँट, घडी घातलेली. त्या कुणाशी काही बोलल्या नाहीत. अण्णांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि पँट पुढं केली.

"ही घालून तरी या," म्हणाल्या. "सगळं गाव बघालंय."

*

डॉक्टरांनी त्या दिवशी ऑपरेशन केलं नाही. अण्णांना चांगलं फैलावर घेतलं, गोळ्या वाढवल्या आणि पुढच्या गुरुवारची वेळ दिली. हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या आहेत, पुन्हा असं पळून गेलात तर मी हात लावणार नाही आणि दुसरीकडं न्यायला वेळ मिळेल ह्याची खात्री देत नाही, असं स्पष्ट सांगितलं. हे मला काकूंकडून कळलं. दुसऱ्या दिवशी त्या वर्कशॉपच्या गेटाशी आल्या आणि मला बाहेर बोलावलं.

मला वाटलं आता आपली खरडपट्टी निघणार. काकू म्हणाल्या, "वैजू, ते मशीन तुझ्यानं एकटीनं चालतंय काय?"

"मी असले तर चालतं, काकू."

"तू असून काय उपयोग? दिलावरनं फोन तुला केला काय?"

"नाही, अण्णांनाच केला," मी म्हणाले.

"थोरलीच्या लग्नात," काकू सांगायला लागल्या, "अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि हे मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन 'झेड वर घे, आरं ड्रिल वर घे' करालेत. भटजी थांबले. सगळा मांडव माझ्याकडं बघतोय. मी हसून साजरं केलं. आता न्हाई हसाय येत मला. गुरुवारी फोन वाजला तर हा माणूस परत उठून येणार. तू कायबी कर, पण फोन वाजता कामा नये."

"फोन काढून घ्या ना त्यांचा."

"घेतला की. तर म्हणे, फोन न्हाई तर दवाखाना न्हाई. वाजला न्हाई तरी जीव खातील, का वाजंना म्हणून. वाजायचं कारणच ठेवू नको बाई तू."

मी हो म्हटलं. म्हणायला काय जातंय. आत आले. मालकांना, घाटगे साहेबांना, गाठलं, म्हटलं, एक आठवडा नवी साइज घेऊ नका. साहेब वाईट माणूस नव्हता. "अण्णांची तब्येत आधी," तो म्हणाला आणि त्याच दमात म्हणाला, "पण ती मोठी चकती गुरुवारीच लागणार आहे, वैजयंता. गिऱ्हाइकाला शब्द दिलाय. तुमचा तो मॅक्रो आहे ना आता?"

आणि गुरुवारी मीही तिथं नसणार होते. अण्णांचं रक्त ओ निगेटिव्ह. दवाखान्यानं रक्त देणारी माणसं मागितली होती आणि अख्ख्या वर्कशॉपात तो गट माझा एकटीचा निघाला. म्हणजे दिलावर एकटा, नवी चकती आणि माझा मॅक्रो.

मी तो मुळापासून पुन्हा लिहायला घेतला. पहिली गोष्ट केली ती ही की जुना आकडा राहणारे खानेच सोडून दिले. आता प्रत्येक वेळी सगळे आकडे हातानं द्यायचे; काम संपलं की खाने आपोआप रिकामे. आणि खाना रिकामा असेल तर पुढं जायचंच नाही, मशीननं थांबायचं आणि पडद्यावर एक ओळ दाखवायची. पुस्तकात तशी सोय होती, मी वाचून पुढं गेले होते. सगळं येतंय म्हणणाऱ्याला असल्या पानांचा कंटाळा असतो.

अण्णांना डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं होतं, म्हणून ते रोज वर्कशॉपात येऊन बसायचे. "घरात जास्त दुखतंय," म्हणायचे. काकूंनी अट घातली होती की मशीनला हात लावायचा नाही, खुर्चीवरून उठायचं नाही. मी लिहिताना त्यांची नजर पाठीला टोचत राहायची. मी उठून येरझाऱ्या घालायचे, पुन्हा बसायचे, खोडायचे. ते बघत बसायचे.

"झालं," असं मी म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "चकती काढून ठेव. हवेत चालव. मी दिलावर हाय असं समज."

"म्हणजे?"

"मी सांगतो ते आकडे भर. व्यास भर. भोकं भर. आता जाडी भरायच्या आधी चहावाला आलाय. चहा पिऊन आलो. बटण दाब."

मी बटण दाबलं. मशीन थांबलं. पडद्यावर मी लिहिलेली इंग्रजी ओळ आली, की जाडी मिळाली नाही. मी अभिमानानं वळून बघितलं.

अण्णांनी मान हलवली. "हे वाचून दिलावर मला फोन करील."

"का? सगळं लिहिलंय की."

"काय चुकलं ते लिवलंयस. त्यानं काय करायचं ते लिव. आणि मराठीत."

पडद्यावर मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहिलं. जाडी टाका. अण्णांनी पुढं सांगितलं, "आता मी दुसऱ्या शिफ्टचा महादेव. ह्यो गडी दशांशाचा ठिपका विसरतोय. वीस लिही, ठिपका नको देऊस."

आमच्या मशीनवर ही नेहमीची रड. वीस लिहून पुढं ठिपका दिला नाही तर मशीन ते वीस मिलिमीटर धरत नाही, केसाइतकं काहीतरी धरतं. मी बटण दाबलं. खाना भरलेला होता, तेव्हा मशीन काही थांबलं नाही. ड्रिल हवेत नुसतं टेकल्यासारखं करून वर आलं.

"बघ," अण्णा म्हणाले.

मी एक ओळ घातली. जाडी अमुकपेक्षा कमी आली तर थांब आणि म्हण, ठिपका द्या.

मग ते एकामागून एक सगळी शेड होत गेले. एक जण घाईत भोकांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या जागी चकतीचा बाहेरचा व्यास भरणारा. एक जण ड्रिल बदललं तरी त्याची लांबी न सांगणारा. एक जण काहीच न वाचता हिरवं बटण दाबणारा. कोण कुठं चुकतो, चुकल्यावर आधी कुणाकडं बघतो आणि फोन करताना पहिलं वाक्य काय बोलतो, हे त्यांनी मला करून दाखवलं. मी हसत हसत ओळी घालत गेले. प्रत्येक ओळ म्हणजे त्यांना कधीतरी आलेला एक फोन होता. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मॅक्रो पक्का होत चालला आहे.

पुढं पुढं अण्णांना चुका सुचेनात. ते खुर्चीतून पुढं वाकून पडद्याकडं बघत म्हणाले, "ऋण चिन्ह विसर." मशीन थांबलं. "भोकं शून्य भर." थांबलं. "भोकं मोजून अर्धीच भर." व्यासाच्या मानानं भोकं कमी पडली आणि तीही ओळ आली, चित्र बघून मोजा. त्यांनी आणखी थोडा वेळ विचार केला. कूलंट गळत होतं त्याचा टपटप आवाज येत होता.

"मग आता?" ते म्हणाले.

"आता काय, झालं की. फसत नाही तो. तुम्ही निवांत जावा गुरुवारी."

त्यांनी हात पुसले. मशीनला हात लावला नव्हता, तरी खिशातून फडका काढून एकेक बोट पुसलं. मग उठले आणि घरी गेले. बरं झालंय असंही म्हणाले नाहीत. मला ते फार लागलं. पुढं कितीतरी वर्षं ते मला चिडवायचे की, तुझं तोंड त्या दिवशी भोक न पडलेल्या चकतीसारखं झालं होतं.

*

गुरुवारी सकाळी मी रक्त देऊन वरच्या मजल्यावर गेले. अण्णा पलंगावर बसले होते, अंगात हिरवे कपडे, छातीवरचे केस काढलेले, त्यामुळे लहान दिसत होते. काकू स्टुलावर. अण्णांचा फोन काकूंनी माझ्या पर्समध्ये टाकला, अण्णांच्या समोर, म्हणजे लपवलाय असं वाटायला नको.

"चकती चढवली असंल आता," अण्णा म्हणाले.

"असेल."

"मोठी हाय ती. नीट बसली पायजे."

"दिलावर बसवील."

ते पडले, उठले, पुन्हा पडले. मी खिडकीशी गेले, दाराशी आले, पुन्हा खिडकीशी. रक्त दिल्यावर बसून राहायला सांगितलं होतं पण बसवत नव्हतं. मला सारखं वाटत होतं, एखादी ओळ चुकीच्या जागी तर पडली नाही. घरातून निघताना गॅस बंद केला की नाही अशी हुरहुर असते, तसं. दिलावरला फोन करायला हात शिवशिवत होते. पण केला आणि काही बिघडलेलं निघालं तर अण्णांना कळणार. त्यापेक्षा न कळलेलं बरं. काकू माझ्या पर्सकडं बघत होत्या.

फोन वाजला.

तिघंही दचकलो. अण्णांचे पाय पलंगाखाली चप्पल शोधायला गेलेसुद्धा. मी फोन काढला. गॅसवाला होता, सिलिंडर घेऊन दाराशी उभा होता, घरात कुणी नाही म्हणून विचारत होता. काकूंनी त्याला शेजारी ठेव म्हणून सांगितलं, आणि फोन पुन्हा माझ्या पर्समध्ये टाकला.

दुपारी जेवणाच्या वेळेला स्ट्रेचरवाला आला. "नेजदार? चला, वर बोलावलंय."

"थांब जरा," अण्णा म्हणाले.

"थांबून कसं चालंल, काका? डॉक्टर हात धुवालेत."

"वैजू, दिलावरला लाव."

"अण्णा, फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे."

"ठीक असतं तर एकदा तरी आला असता. नवी साइज हाय. कायतरी फुटलंय आणि तुम्ही सगळी मिळून माझ्यापास्नं लपवालाय. लाव तू. त्याचं ऐकल्याबिगर मी जात न्हाई."

मी काकूंकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, लाव म्हणून. मी माझ्या फोनवरून लावला. वाजत राहिला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अण्णांनी पाय खाली सोडले आणि हाताच्या सुईकडं बघायला लागले. मागच्या वेळी त्यांनी नळी काढली ती अशीच असणार. स्ट्रेचरवाला घड्याळ बघत होता. काकू उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या, अंगानं दार अडवून. माझ्या मनात एकच, की माझ्या प्रोग्रामपायी हा माणूस दुसऱ्यांदा पळून जाणार.

तेवढ्यात दिलावरचाच फोन आला. मी आवाज मोठा करून फोन अण्णांसमोर धरला.

"काय वो ताई? जेवालो होतो. हात खरकटा होता."

"दिलावर, चकती?"

"कुठली? मोठी? झाल्या की. दुसरा माल लावलाय आता."

अण्णा फोनवर वाकले. "मधी थांबलं न्हाई काय?"

"अण्णा? आयला, तुम्ही अजून आत गेला न्हाई? थांबलं की. सुरवातीला जाडी टाका म्हणून आलं. टाकली. मग एकदा ठिपका द्या म्हणालं. दिला. मग चाललं."

"मग मला फोन का केला न्हाईस?"

दिलावर जरा गोंधळला असावा. पलीकडं कुणीतरी ताट सरकवल्याचा आवाज आला.

"कशापायी करायचा, अण्णा?" तो म्हणाला. "काय करायचं ते समोर लिवलंय की सगळं."

फोन बंद झाला. मी हुश्श केलं. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. एवढ्या दिवसांची तगमग एकदम उतरली आणि मला पहिल्यांदा बसावंसं वाटलं. मी हसत अण्णांकडं बघितलं.

अण्णा हसत नव्हते. ते फोनकडं बघत होते, अजून काहीतरी बोलणं राहिलंय अशा नजरेनं. खांदे खाली आले होते. त्या दिवशी शेडमध्ये "मग आता?" म्हणाले होते तेव्हाचाच तो चेहरा होता, फक्त तेव्हा मी पडद्याकडं बघत होते. एकेक फोन त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या मॅक्रोत घालून दिला होता, कुठला येणार आणि त्याला काय सांगायचं, सगळं. आणि हे त्यांना पहिल्या ओळीपासून कळत होतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हणाले, "अण्णा, सगळं तुम्हीच तर सांगितलंत."

त्यांनी ते ऐकलं नाही. ते उशीकडं बघत म्हणाले, "म्हंजे माझ्याबिगर चालतंय."

 स्ट्रेचरवाल्याला कळेना की आता ओढायचं की थांबायचं. दारात उभ्या असलेल्या काकू आत आल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत.

"मशीनचं चालतंय," त्या म्हणाल्या. "माझं न्हाई चालायचं. जावा आता."

अण्णांनी वर बघितलं. बराच वेळ ते काकूंकडं बघत राहिले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण फोन नसताना काकूंकडं इतका वेळ बघताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पाय वर घेतले आणि आपणहून स्ट्रेचरवर सरकले. स्ट्रेचरवाल्यानं चादर ओढली आणि चाकं वळवली. काकू कठड्याला हात लावून बरोबर चालायला लागल्या, मी मागं.

ऑपरेशनच्या दारापाशी तिथल्या बाईंनी आम्हाला थांबवलं. अण्णांनी मान वळवली.

"सकाळपास्नं उपाशी हाईस तू," ते काकूंना म्हणाले. "खाऊन घे कायतरी. मी येतोय."

काकूंनी मान डोलावली. दार लागलं तरी त्या तिथंच उभ्या होत्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चल, हितं खाली काय मिळतंय बघूया." आणि मी त्यांच्याबरोबर जिना उतरले.